मोटारसायकलची जोडसामग्री: गार्ड, कॅरिअर, दिवे आणि पेट्यांचा इतिहास

मोटारसायकलच्या मूळ रचनेत दोन चाके, इंजिन, टाकी, हँडल, आसन आणि दिवा एवढेच असते. लांबच्या प्रवासाला लागणाऱ्या बाकीच्या वस्तू तिला नंतर जोडल्या जातात: पाय वाचवणारा लेग गार्ड, मागे बसणारीची साडी चाकात जाऊ न देणारा साडी गार्ड, सामानाचा कॅरिअर, दोन्ही बाजूंच्या पिशव्या, मागची पेटी, वारा अडवणारी काच, जादा दिवे, मोबाइलचा होल्डर. महाराष्ट्रात या वस्तूंचा इतिहास साधारण एकाच क्रमाने घडला. गरज आधी रस्त्यावर जाणवली, तिच्यावरचा पहिला उपाय गल्लीतल्या गॅरेजात निघाला, त्यातला टिकाऊ उपाय कारखान्याने उचलला आणि शेवटी कायद्याने त्याला बंधनकारक तरी केले किंवा मर्यादा तरी घातली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कॉटन ग्रीनसारख्या भागातून हा क्रम स्पष्ट दिसतो. तिथे रस्ते बंदराच्या मालवाहतुकीचे आहेत, वस्ती गिरणगावाची आहे आणि घराघरांतली गावाकडची ओढ घाट ओलांडून जाणारी आहे.

कॉटन ग्रीन आणि तिथले रस्ते

कॉटन ग्रीनची जमीन समुद्रात भर घालून तयार झाली. मुंबई पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी या पट्ट्यात १९०८ ते १९१२ या काळात मोठी भरणी केली. कापसाच्या गाठींचा व्यापार तोवर कुलाब्याला चालत असे. १९२०च्या दशकात तो या नव्या जागेवर आला. कापसाची गोदामे, एक्स्चेंजची इमारत आणि हार्बर मार्गाचे स्थानक यांभोवती हा भाग वाढला. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ साली सुरू झाली आणि गोदामांना गोदीशी जोडणारे तिचे रूळ रस्त्यांना छेदत गेले.

दुचाकीस्वाराच्या दृष्टीने अशा रस्त्यांचे काही खास धोके आहेत. रस्त्यात बसवलेला रूळ पावसात गुळगुळीत होतो. त्याच्या खाचेत पुढचे चाक तिरके शिरले तर हँडल वळत नाही आणि गाडी आडवी होते, म्हणून रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडावा लागतो. बॅरिस्टर नाथ पै मार्ग आणि झकेरिया बंदर रस्त्यावरून अवजड ट्रक जातात. त्यांच्या चाकांखाली डांबर दबते, कडेला माती आणि तेल साचते. खाडीकडून येणारी खारी हवा लोखंडाला लवकर गंज चढवते. घाटातल्या किंवा महामार्गावरच्या प्रवासाआधी गाडीची पहिली परीक्षा इथेच होते. पाय वाचवणे, दुरून दिसणे, सामान कोरडे ठेवणे आणि जोडलेले लोखंड गंजू न देणे या चारही गरजा इथल्या रस्त्यांवर रोजच्या आहेत. प्रवासी मोटारसायकलची जवळजवळ सारी जोडसामग्रीही याच चार गरजांभोवती घडली.

लष्करी पिशव्यांपासून देशी गाड्यांपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकलींना आज ज्याला मूलभूत सोय म्हणतात तीही वेगळी विकत घ्यावी लागे. दिवा कार्बाइडचा असे. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होई आणि त्याची ज्योत रस्ता उजळी. हॉर्न रबरी फुग्याचा असे. सामान चामड्याच्या पट्ट्यांनी मागच्या मडगार्डवर बांधले जाई.

दोन महायुद्धांनी या वस्तूंना शिस्त आणली. निरोप पोहोचवणाऱ्या लष्करी स्वारांच्या गाड्यांवर दोन्ही बाजूंना कॅनव्हास किंवा चामड्याच्या पिशव्या, मागे लोखंडी कॅरिअर आणि झाकणी बसवलेला दिवा असे. पिशवी आसनावर न ठेवता मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली टांगली की वजन जमिनीजवळ राहते आणि गाडी कमी डोलते, हा धडा या वापरातून पक्का झाला. पुढच्या काळात युरोपात पिशव्यांच्या जागी पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या कुलूपबंद पेट्या आल्या. इटलीत जुझेप्पे विसेंझी या माजी शर्यतपटूने १९७८ साली स्थापन केलेली गिवी ही कंपनी त्या धंद्यातले जगभरचे नाव ठरली. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस या गाडीवर वाऱ्याच्या बोगद्यात घडवलेले पूर्ण आवरण कारखान्यातूनच दिले. होंडाने १९८० साली गोल्ड विंगची इंटरस्टेट ही आवृत्ती काच, आवरण आणि पेट्यांसकट विकायला काढली. जोडलेली वस्तू मूळ गाडीचा भाग होण्याची ही जागतिक सुरुवात होती.

भारतात १९५० आणि १९६०च्या दशकांत चित्र वेगळे होते. परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधने आली आणि देशातच जुळणी व उत्पादन सुरू झाले. मद्रासला १९५५ साली एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि लष्कराने पसंत केलेली ३५० सीसीची बुलेट इथे बनू लागली. मुंबईत जावा गाड्या विकणाऱ्या इराणी बंधूंनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. तिथून जावा आणि नंतर येझदी आली. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या रचनेवर राजदूत काढली. मुंबईच्या भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा स्कूटर जुळवत होती, तर पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोने पियाजिओच्या सहकार्याने स्कूटर बनवायला घेतली.

मागणीच्या मानाने उत्पादन फार कमी होते. गाडी नोंदवल्यावर ग्राहक वर्षानुवर्षे थांबत, त्यामुळे कारखान्यांना गाडीवर नव्या सोयी चढवण्याचे कारणच उरले नव्हते. ती उणीव बाजाराने भरून काढली. मुंबईत ऑपेरा हाउस आणि लॅमिंग्टन रोडच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने होती, नागदेवी स्ट्रीटवर अवजारे आणि नटबोल्ट मिळत, चोर बाजारात जुने भाग हाती लागत. पुढे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची मोठी पेठ वाढली. नळी वाकवणारा, वेल्डिंग करणारा आणि निकेल-क्रोमचा मुलामा देणारा हे तीन कारागीर मिळाले की मोटारसायकलला हवी ती जोड तयार होई. गाडीच्या बिलात किंमत, विमा, आरटीओ आणि अ‍ॅक्सेसरीज असे चार भाग पडण्याची रीत याच काळातली आहे.

साडी गार्ड

या सगळ्या जोडसामग्रीत अस्सल भारतीय वस्तू एकच, साडी गार्ड. पाचवारी साडी नेसलेली स्त्री मागच्या आसनावर एका बाजूला पाय सोडून बसे. रस्त्याची डावी बाजू धरून वाहने चालत असल्याने ती डावीकडून चढे आणि डावीकडेच पाय ठेवी. त्यामुळे पदर आणि निऱ्या नेमक्या मागच्या चाकाजवळ येत. पदर आऱ्यांत अडकला की चाक त्याला गुंडाळून घेई आणि बसलेली स्त्री क्षणात खाली ओढली जाई.

यावर निघालेला उपाय साधा होता. गोल सळईची चौकट, तिच्यात आडव्या-उभ्या सळया किंवा जाळी, आणि खाली दोन्ही पाय टेकतील अशी आडवी पट्टी. चौकटीचे एक टोक मागच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या वरच्या बोल्टला आणि दुसरे पायटेकाजवळ कसले जाई. याच्याच जोडीला आसनामागची पकड आणि पूर्ण बंद चेन कव्हर आले. जावा-येझदी आणि पुढे हिरो होंडा सीडी १०० यांची साखळी पूर्ण झाकलेली असे. तिचे वंगण धुऊन जात नसे आणि कपडेही तिच्यापासून दूर राहत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमाने गॅरेजातल्या या उपायाला कायद्याचे रूप दिले. मागे माणूस बसवण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला चालकाच्या आसनाच्या बाजूला किंवा मागे कायमची पकड, पायटेक आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असले पाहिजे, असे तो सांगतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत हा उद्देश नियमातच लिहिलेला आहे. नियम असूनही अनेक गाड्या ही साधने न लावता विकल्या जात राहिल्या. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २००८ साली या नियमाच्या पालनाचा आग्रह धरला, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला.

काळाबरोबर मागे बसण्याची पद्धत बदलली. सलवार-कमीज आणि जीन्स घालणाऱ्या मुली दोन्ही बाजूंना पाय टाकून बसू लागल्या. नऊवारी काष्ट्यात तर तसे बसणे आणि गाडी चालवणे दोन्ही सहज जमते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रिया गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत दिसतात. रमिला लटपटे यांनी मार्च २०२३ मध्ये गेटवे ऑफ इंडियाहून जगप्रवासासाठी मोटारसायकल काढली तीही नऊवारीत. तरी साडी गार्डची गरज संपलेली नाही. ओढणी, पावसाळी कोटाचे टोक, सामानाच्या पट्ट्यांची लोंबती शेपटे हे सारे चाकात जाऊ शकते. मऊ पिशव्या टांगणाऱ्या प्रवाशाला डावीकडचा गार्ड पिशवीला टेकू म्हणून उपयोगी पडतो. उजवीकडे सायलेन्सर असल्यामुळे तिथे पिशवी जळू नये म्हणून वेगळी पट्टी बसवावी लागते.

लेग गार्ड

लेग गार्ड म्हणजे इंजिनाच्या पुढे चौकटीला कसलेली, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली वाकवलेली नळी. गाडी उभ्या जागी किंवा कमी वेगात कलंडली तर जमिनीला आधी ही नळी लागते. गाडी आणि जमीन यांच्यात थोडी फट राहते, त्यामुळे नडगी, टाकी, हँडलची टोके आणि क्लच-ब्रेकचे दांडे वाचतात. बुलेटसारख्या जड गाडीला आणि ट्रकांच्या गर्दीतून जाणाऱ्या शहरी स्वाराला हा मोठा दिलासा असतो. घाटात एखादी गाडी आडवी झाली तर तुटलेल्या दांड्यामुळे प्रवास थांबू नये, यासाठीही तो लावला जातो.

त्याची मर्यादा मात्र अभ्यासाने दाखवून दिली आहे. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. अशा नळ्यांमुळे घोटा आणि पाऊल यांच्या जखमा कमी होतात, पण गुडघा, मांडी आणि नडगीच्या जखमा तितक्याच वाढतात, असे त्यात आढळले. वेगात धडक झाली की पाय नळीवरून पुढे फेकला जातो किंवा नळी आणि गाडी यांच्यात सापडतो. म्हणून लेग गार्डकडे कमी वेगातल्या पडण्यापासून गाडी आणि पावले वाचवणारे साधन म्हणूनच पाहिले पाहिजे.

त्याची गुणवत्ता तीन गोष्टींवर ठरते. नळीच्या भिंतीची जाडी पुरेशी हवी. ती चौकटीच्या मजबूत जागी कसलेली हवी. इंजिनाच्या आवरणाच्या बोल्टला कसली तर पडताना आवरणच फुटते. आणि ती वळणावर जमिनीला टेकेल इतकी खाली किंवा रुंद नसावी. मुंबईच्या हवेत चौथी गोष्टही पाहावी लागते, ती म्हणजे मुलामा. क्रोमला एकदा बारीक तडा गेला की खाली गंज पसरतो, म्हणून अलीकडे पावडर कोटिंगची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी पसंत केली जाते.

सामान: कॅन, कॅरिअर, पिशव्या आणि पेट्या

महाराष्ट्रात मोटारसायकलवर सामान बांधण्याची कला शौकीन प्रवाशांच्या आधी कष्टकऱ्यांनी घडवली. ग्रामीण भागात राजदूत आणि बजाज एम-८० या गाड्यांना मागे लोखंडी आकडे लावून दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन टांगत. दोन्हीकडे सारखे वजन, कॅनचा तळ चाकाच्या आसाजवळ आणि वर झाकण घट्ट हे त्यांचे नियम पुढे प्रवासी पिशव्यांनाही लागू पडले. गोव्यात प्रवासी वाहून नेणारे मोटारसायकल पायलट पिवळ्या-काळ्या रंगाच्या परवानाधारक गाड्या चालवतात आणि तिथे मागच्या आसनाची पकड व पायटेक रोजीरोटीचाच भाग असतात. मुंबईत १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कामे बदलली, आणि दुचाकीवर माल, कागदपत्रे, पुढे जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्यांची संख्या वाढत गेली. त्यांच्या पाठीवरची पिशवी हळूहळू मागच्या कॅरिअरवरच्या पेटीत गेली.

प्रवासाच्या सामानाचे तीन प्रकार पडतात. टाकीवरची पिशवी चुंबकाने किंवा पट्ट्यांनी बसते. तिच्यात कागद, पाणी आणि औषधे हाताशी राहतात. दोन्ही बाजूंच्या मऊ पिशव्यांना सॅडल बॅग म्हणतात. त्या हलक्या असतात आणि गाडी पडली तरी पायाला मार देत नाहीत. तिसरा प्रकार कडक पेट्यांचा. त्यांना कुलूप लागते, पाणी आत जात नाही, पण त्यांचे स्वतःचे वजनही बरेच असते. भारतात मोटारसायकल भटकंतीचा छंद २०००च्या दशकात वाढला तसे देशी पिशव्या आणि जाकिटे बनवणारे उद्योगही उभे राहिले. मुंबईची रायनॉक्स ही त्यातली एक. मुंबईच्या पावसाची सवय असलेल्या अशा उद्योगांनी पिशवीबरोबर वेगळे पावसाळी आवरण किंवा आतली जलरोधक थैली देण्यावर भर दिला.

वजनाचे गणित सर्वांत महत्त्वाचे आहे. पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंच बसवली की तिचे वजन तरफेसारखे काम करते. मागचे चाक दबते, पुढचे हलके होते, हँडल थरथरते आणि वळणावर गाडी बाहेर जाऊ पाहते. जड वस्तू खाली आणि मधोमध, हलक्या वर आणि मागे, दोन्ही बाजू समतोल, असा क्रम त्यासाठी पाळतात. मागच्या टायरची हवा निर्मात्याने भारासाठी सांगितलेल्या आकड्यापर्यंत वाढवावी लागते, शॉक अ‍ॅब्झॉर्बरची स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करावी लागते आणि साखळीचा ढिलेपणा भार चढवल्यावर पुन्हा पाहावा लागतो.

कायद्याने पेटीलाही माप दिले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० साली मोटारसायकलच्या मागच्या पेटीची मर्यादा लांबीला ५५० मिलिमीटर, रुंदीला ५१० मिलिमीटर आणि उंचीला ५०० मिलिमीटर ठरवली. पेटी मागच्या माणसाच्या जागी बसवली असेल तर गाडीवर चालकाखेरीज कोणालाही बसता येत नाही.

दिवे आणि वीज

जुन्या जावा आणि येझदीला ६ व्होल्टची वीज होती. इंजिन मंद चालत असले की दिवाही मंद होई, आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना नेमका त्याच वेळी प्रकाश कमी पडे. १२ व्होल्टची यंत्रणा आणि ६०/५५ वॉटचे हॅलोजन बल्ब आल्यावर फरक पडला. त्यानंतर एलईडी जादा दिवे आले. ते थोड्या विजेत भरपूर प्रकाश देतात आणि वळणाची कड, रस्त्यावरचे जनावर किंवा खड्डा लवकर दाखवतात.

जादा दिवा जोडताना त्याची वीज थेट मूळ स्विचमधून घेतली तर स्विच आणि तारा तापतात. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले आणि रिलेपासून दिवा अशी स्वतंत्र वाट काढणे सुरक्षित असते. मूळ स्विच तेव्हा रिलेला फक्त इशारा देतो. गाडीचा जनरेटर जेवढी वीज बनवतो त्यातून इंजिनाची ठिणगी, मूळ दिवे आणि बॅटरीचे भरण वजा केले की उरते तेवढीच वीज जोडसामग्रीसाठी असते. मोबाइलच्या यूएसबी चार्जरला साधारण १० वॉट लागतात, तर जादा दिव्यांच्या जोडीला त्याच्या काही पट. हे गणित चुकले की रात्री दूरच्या गावात गाडी सुरूच होत नाही.

दिवा स्वाराला रस्ता दाखवतो तसा इतरांना स्वारही दाखवतो. हर्ट यांच्या अहवालात दुसऱ्या वाहनाच्या चालकाला मोटारसायकल दिसलीच नाही हे अपघाताचे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. दिवसाही पेटलेला दिवा आणि उजळ रंगाचे जाकीट यांनी असे अपघात कमी होतात. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच पेटतो आणि तो बंद करण्याचा स्विच काढून टाकण्यात आला. परावर्तक पट्ट्या पेटीच्या मागे आणि बाजूला चिकटवल्या तर बंदराच्या रस्त्यावर रात्री ट्रकवाल्याला गाडीची रुंदी कळते. जादा दिव्यांनाही मर्यादा आहे. समोर शोधदिवा लावायला मोटार वाहन नियमांनी मनाई केली आहे, आणि वर रोखलेला तीव्र पांढरा झोत समोरून येणाऱ्याला आंधळा करतो. म्हणून असा दिवा खाली झुकवून, मोकळ्या रस्त्यावर आणि समोर वाहन नसतानाच वापरावा.

हेल्मेट

हेल्मेट गाडीला जोडले जात नसले तरी प्रवासाच्या सामग्रीत त्याचे स्थान पहिले आहे. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याच्या मारामुळे सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचा फायदा शास्त्रीय मांडणीने दाखवला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९६१ साली सर्व मोटारसायकलस्वारांसाठी सक्ती आणली.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १२९व्या कलमाने हेल्मेट बंधनकारक झाले. बेळगावची वेगा ही कंपनी १९८०च्या दशकापासून हेल्मेट बनवते. मराठी सीमाभागातला हा उद्योग देशभर पोहोचला. सक्तीची अंमलबजावणी मात्र शहरागणिक वेगळी राहिली. पुण्यात हेल्मेटसक्तीला अनेक वेळा संघटित विरोध झाला. मुंबईत चालकाच्या हेल्मेटची सवय तुलनेने लवकर रुजली. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटवर मुंबई वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून कारवाई सुरू केली. दर्जाच्या बाबतीत १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह अनिवार्य झाले आणि पदपथावर मिळणाऱ्या नकली टोप्यांच्या विक्रीला कायद्याने बंदी आली. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नसतो. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला.

कॉटन ग्रीनहून निघणाऱ्या वाटा

जोडसामग्री किती आणि कोणती लागेल हे वाट ठरवते. शिवडीला कॉटन ग्रीनच्या शेजारी सुरू होणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या या सागरी पुलावर मोटारसायकलला परवानगी नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही दुचाकीला बंद आहे. त्यामुळे पुण्याकडे जाणारा स्वार चेंबूर, वाशीचा खाडीपूल आणि पनवेल करून जुन्या महामार्गाने खोपोलीला येतो आणि बोरघाट चढतो. या घाटातला गाडीरस्ता १८३० सालचा आहे. चढ, तीव्र वळणे, धुके आणि ट्रक हे सारे तिथे एकत्र भेटतात.

दुसरी वाट कोकणाची. लालबाग, काळाचौकी, कॉटन ग्रीन या भागांत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि गणपतीला गावी जाणे हा त्यांच्या वर्षातला ठरलेला प्रवास असतो. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही तेव्हा तरुण चाकरमानी मोटारसायकल काढतात. भाद्रपदातला पाऊस, दीर्घकाळ रखडलेल्या रुंदीकरणामुळे उखडलेला राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि कशेडीसारखे घाट यांतून आठ-दहा तास जायचे असते. या वाटेने जलरोधक पिशवी, चांगला मडफ्लॅप, हातांवर पाणी न येऊ देणारे हँड गार्ड आणि हेल्मेटची न धुरकटणारी काच यांची किंमत शिकवली. पंक्चरचा संचही याच वाटेवर लागतो. ट्यूबलेस टायरला रबरी पट्टी भरून छोट्या पंपाने हवा मारता येते, तर आऱ्यांच्या चाकाला बहुधा ट्यूब असल्याने चाक उतरवावेच लागते. बुलेट आणि येझदीच्या पिढीतले स्वार क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची जादा केबल मूळ केबलच्या बाजूलाच बांधून ठेवत. तुटलेल्या केबलचे टोक काढून नव्या केबलचे टोक अडकवले की गाडी पुढे निघे.

तिसरी वाट पाण्यावरची आहे. माझगावच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ती मोटारसायकलही नेते, त्यामुळे अलिबाग आणि मुरुडकडे जाणाऱ्याचा वाशी-पनवेल-पेण हा वळसा वाचतो.

कारखाना आणि कायदा

१९८०च्या दशकात जपानी सहकार्याने आलेल्या १०० सीसीच्या गाड्यांनी इंधन वाचवले, पण त्या लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या नव्हत्या. २००१ साली बजाजने चाकणच्या कारखान्यातून पल्सर आणली आणि मध्यमवर्गीय तरुणाच्या हाती महामार्गावर टिकणारी गाडी आली. पुढे चाकणलाच केटीएमच्या गाड्या बनू लागल्या. रॉयल एन्फील्डने २०१६ साली हिमालयन काढली. पेट्या टांगण्याच्या जागा, पुढची काच आणि इंजिनाखालचा पत्रा हे तिच्या मूळ आराखड्यातच होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बजाजने डोमिनार आणली. ऑक्टोबर २०२१ मध्ये डोमिनार ४०० उंच काच, हँड गार्ड, इंजिनाचे खालचे संरक्षण, लेग गार्ड, मागचा कॅरिअर, पाठीचा टेकू आणि यूएसबी चार्जर यांसह थेट कारखान्यातून मिळू लागली. मुंबईच्या बाजारात एकेक करून विकत घ्यावी लागणारी जवळजवळ संपूर्ण यादी महाराष्ट्रातल्याच एका निर्मात्याने मूळ गाडीवर चढवली होती.

सुरक्षिततेची काही साधने याच काळात नियमाने गाडीत आली. १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस अनिवार्य झाले. घसरड्या रस्त्यावर ब्रेक घट्ट दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही यंत्रणा कोणत्याही गॅरेजात नंतर बसवता येण्यासारखी नव्हती. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारा स्विचही आता बहुतेक गाड्यांवर असतो. तोवर हे काम रस्त्यावरची अनोळखी माणसे करत आली होती. स्टँड खाली राहिलेल्या गाडीला हाताने खूण करून आणि ओरडून सावध करण्याची महाराष्ट्रातली सवय आजही टिकून आहे.

कायद्याने बदलांना कुंपणही घातले. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. चौकट कापणे, इंजिन बदलणे किंवा कर्णकर्कश सायलेन्सर लावणे हे या कुंपणाबाहेरचे आहे. अनेक सुरांचा हॉर्न आणि खासगी गाडीवर लाल-निळे लुकलुकणारे दिवे यांनाही बंदी आहे. बोल्टने कसता येणारे, काढता येणारे आणि गाडीची नोंदलेली मापे न बदलणारे साधन हीच सुरक्षित निवड ठरते. विम्याच्या दाव्यासाठी जादा साधनांची नोंद पॉलिसीत करून घेणेही त्याचाच भाग आहे.

प्रत्येक जोड गाडीला काहीतरी देते आणि वजन, वीज किंवा वाऱ्याचा अडथळा या रूपाने काहीतरी घेतेही. काच छातीवरचा वारा थांबवते, पण वाशीच्या पुलावर आडव्या वाऱ्यात गाडीला ढकलते. मोबाइलचा होल्डर वाट दाखवतो आणि नजरही खेचतो. म्हणून साधने निवडण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी हेल्मेट, टायर आणि ब्रेक, मग दिसण्याची आणि पाहण्याची साधने, त्यानंतर मागे बसणाऱ्याचे संरक्षण, मग सामान आणि सर्वांत शेवटी सोयीच्या वस्तू. निर्मात्याने सांगितलेल्या एकूण भारमर्यादेत दोन माणसे, सामान आणि जोडलेल्या साऱ्या लोखंडाचे वजन बसले पाहिजे. साडी गार्ड, बंद चेन कव्हर आणि दोन्ही बाजूंना सारखे टांगलेले सामान ही साधने टिकली, कारण ती कोणाच्या तरी रोजच्या अडचणीतून निघाली, स्वस्तात दुरुस्त होत राहिली आणि गाडीचा तोल सांभाळून बसली. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूलाही हीच कसोटी लावावी लागेल.